आरंभप्रक्रिया, संगणकाची

संगणकास वीजपुरवठा सुरू झाल्यापासून त्याचा ताबा प्रचालन प्रणालीकडे (ऑपरेटिंग सिस्टिमकडे) जाईपर्यंत घडणाऱ्या क्रियांच्या मालिकेस संगणकाची आरंभप्रक्रिया म्हणतात. व्यवहारात तिला ‘बूट होणे’ असे म्हटले जाते. नव्या यंत्रावर प्रचालन प्रणाली प्रथमच बसविण्याचे काम मात्र या प्रक्रियेहून वेगळे होय.

या प्रक्रियेच्या मुळाशी एक तार्किक अडचण आहे. संगणक केवळ आपल्या स्मृतीत असलेले आदेश पाळतो. बाहेरची आज्ञावली स्मृतीत आणावयाची तर तेही काम आदेशांनीच करावे लागते. पण यंत्र नुकतेच सुरू झाले असता स्मृतीत काहीच नसते. तेव्हा पहिला आदेश कोणी व कोठून द्यावयाचा, असा प्रश्न उद्‌भवतो. आपल्याच बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःस वर उचलावे, अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारावरून या क्रियेस ‘बूटस्ट्रॅप’ व पुढे संक्षेपाने ‘बूट’ हे नाव पडले. माणसाला ही गोष्ट अशक्य असली, तरी संगणकाने ती टप्प्याटप्प्याने साध्य केली आहे : अगदी लहान आज्ञावली तिच्याहून मोठीस स्मृतीत आणते, ती आणखी मोठीस आणते व अखेर संपूर्ण प्रणाली उभी राहते. या साखळीतील पहिली कडी ज्याच्या हाती असेल, त्याच्या हाती पुढील सर्व कड्या येतात. त्यामुळे आरंभप्रक्रियेचा इतिहास हा सोयीचा तसाच विश्वासाचाही इतिहास आहे.

पहिली यंत्रे : अमेरिकेतील एनिॲक या यंत्राला (१९४५) काम सांगण्यासाठी तारांची जोडणी बदलावी लागे व खटके योग्य स्थितीत ठेवावे लागत. आज्ञावली स्मृतीत साठविण्याची कल्पना प्रत्यक्षात आल्यावर आरंभाचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला. मँचेस्टर विद्यापीठातील प्रायोगिक यंत्राने २१ जून १९४८ रोजी साठविलेली पहिली आज्ञावली चालविली. तिचे आदेश खटक्यांच्या साहाय्याने एकेक करून स्मृतीत भरलेले होते. केंब्रिज विद्यापीठातील एड्सॅक या यंत्रात (१९४९) याहून सुटसुटीत उपाय योजण्यात आला. डेव्हिड व्हीलर यांनी ३१ आदेशांची एक लहान आज्ञावली रचली व ती टेलिफोन केंद्रात वापरल्या जाणाऱ्या फिरत्या खटक्यांवर कायमची जोडून टाकण्यात आली. बटण दाबताच हे आदेश स्मृतीत उतरत व छिद्रित कागदी फितीवरील पुढील आज्ञावली वाचून घेत. कायमस्वरूपी आरंभ-आज्ञावलीचे हे आद्य रूप होय.

आय. बी. एम. कंपनीच्या ७०१ या यंत्रावर (१९५२) ‘लोड’ असे बटण होते. ते दाबले की छिद्रित कार्ड, चुंबकीय फीत किंवा चुंबकीय पिंप यांपैकी निवडलेल्या साधनावरून पहिला शब्द वाचला जाई व त्यातील आदेश लगेच पाळला जाई. त्या आदेशाने दुसरा वाचावयाचा, दुसऱ्याने तिसरा, असा क्रम होता. कोणत्या साधनावरून आरंभ करावयाचा हे ठरविण्याची जी सोय आजच्या सर्व्हरच्या मांडणीपटलावर ‘बूट क्रम’ या नावाने आढळते, तिचा उगम अशा यंत्रांत आहे.

भारतातील प्रारंभीचा काळ : भारतात पहिला अंकीय संगणक १९५५ मध्ये कलकत्ता येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत आला; तो ब्रिटिश बनावटीचा होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर्. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली देशातच संगणक बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. त्याचे प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये तयार झाले व पूर्ण यंत्र १९६० पासून कामास लागले. १९६२ मध्ये त्यास ‘टिफ्रॅक’ असे नाव देण्यात आले. त्यात सु. २,७०० इलेक्ट्रॉन नलिका होत्या; स्मृती फेराइट कड्यांची असून तीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे (बिटांचे) २,०४८ शब्द मावत. आदेश व आकडे कागदी फितीवरून यंत्रात जात. १९६४ मध्ये याच संस्थेत सी. डी. सी. ३६०० हा मोठा अमेरिकी संगणक आला व देशभरातील संशोधकांची कामे त्यावर होऊ लागली. ट्राँबे येथील अणुसंशोधन केंद्रात १२ बिटांचा टी. डी. सी. १२ हा लहान संगणक विकसित करण्यात आला व १९६९ मध्ये हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने तो बाजारात आणला.

या काळातील लहान संगणकांच्या दर्शनी फळीवर खटक्यांच्या रांगा असत. उदा., अमेरिकेतील पी. डी. पी. ८ (१९६५) या यंत्रात चालकास सोळाच्या आसपास आदेश खटके वरखाली करून भरावे लागत. त्यानंतर फितीवरील मोठी आरंभ-आज्ञावली वाचता येई. सराईत चालकास हे आकडे तोंडपाठ असत. फेराइट कड्यांची स्मृती वीज गेली तरी पुसली जात नसल्याने हा खटाटोप रोज करावा लागत नसे. चुकीच्या आज्ञावलीने त्या जागेवर लिहिले, तरच तो पुन्हा करावा लागे.

स्थिर स्मृती व बायोस : १९७० नंतर फेराइट कड्यांची जागा अर्धसंवाहक स्मृतीने घेतली. ही स्मृती स्वस्त व वेगवान होती, पण वीज जाताच तीतील मजकूर नाहीसा होई. परिणामी प्रत्येक वेळी यंत्र रिकाम्या स्मृतीने सुरू होऊ लागले व आरंभ-आज्ञावली कायमची कोरून ठेवण्याची गरज निर्माण झाली. केवळ वाचता येणाऱ्या स्मृतीच्या, म्हणजे ‘रॉम’च्या चकतीत ती कोरण्यात येऊ लागली. यंत्रसामग्री व आज्ञावली यांच्या सीमेवर असलेल्या अशा स्थिर आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात.

गॅरी किल्डॉल यांनी सी. पी./एम. या प्रचालन प्रणालीत यंत्राच्या विशिष्ट भागांशी व्यवहार करणारा विभाग वेगळा काढला व त्यास ‘बायोस’ हे नाव दिले. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आय. बी. एम. कंपनीने वैयक्तिक संगणक जाहीर केला, तेव्हा हे नाव त्यातील रॉममधील आज्ञावलीस मिळाले. हा संगणक सुरू होताच त्याचा संस्करक (प्रोसेसर) आपल्या १ मेगॅबाइट पल्ल्याच्या अखेरीपासून १६ बाइट अलीकडे असलेल्या ठराविक स्थानी जाई. तेथून बायोसचा आरंभ होई. बायोस प्रथम स्मृती, कळफलक इ. भागांची तपासणी करी व नंतर तबकडीचा ५१२ बाइटांचा पहिला खंड स्मृतीत आणून ताबा त्याच्या स्वाधीन करी. १९८३ मध्ये हार्ड डिस्कचे विभाग पाडण्याची सोय झाली, तेव्हा याच ५१२ बाइटांत ४४६ बाइट आज्ञावलीस, ६४ बाइट चार विभागांच्या तक्त्यास व २ बाइट खुणेस अशी वाटणी ठरली. या लहानशा जागेवर पुढील सु. पंचवीस वर्षे जगातील बहुसंख्य संगणकांचा आरंभ अवलंबून राहिला.

पहिला खंड कोणीही लिहू शकत असे व बायोस त्याची शहानिशा करीत नसे, हा या व्यवस्थेचा मोठा दोष होता. १९८६ मध्ये लाहोर येथे निर्माण झालेला ‘ब्रेन’ हा विषाणू याच खंडात ठाण मांडीत असे. तबकडीवरून यंत्र सुरू केले की प्रचालन प्रणालीच्या अगोदर तो स्मृतीत शिरे. पुढे रॉमऐवजी पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश स्मृती आली व फर्मवेअर सुधारणे सोपे झाले. पण ते बिघडविणेही तितकेच सोपे झाले. तैवानमध्ये रचल्या गेलेल्या सी. आय. एच. या विषाणूने २६ एप्रिल १९९९ रोजी अनेक देशांतील संगणकांचे बायोस पुसून टाकले. असे यंत्र सुरूच होत नसल्याने ते दुरुस्त करणारी आज्ञावलीही त्यावर चालविता येत नसे.

जाळ्यावरून आरंभ : एका कार्यालयात अनेक संगणक आले, तेव्हा प्रत्येकाजवळ तबकडी घेऊन जाणे जिकिरीचे ठरू लागले. यंत्राने स्वतःच जाळ्यावरून (नेटवर्कवरून) आपली आज्ञावली मागवावी, अशी कल्पना यातून निघाली. फाइल पाठविण्याचा टी. एफ. टी. पी. हा अगदी साधा संकेत १९८१ मध्ये व यंत्रास त्याचा जाळ्यावरील पत्ता आणि आरंभाच्या फाइलचे नाव कळविणारा बूट-पी हा संकेत १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९३ मध्ये बूट-पीचाच विस्तार करून डी. एच. सी. पी. हा संकेत तयार करण्यात आला. या सर्वांच्या आधारे इंटेल कंपनीने १९९९ मध्ये पी. एक्स. ई. या प्रमाणाची २.१ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तीनुसार नवा सर्व्हर सुरू होताच ‘मी कोण व मी काय चालवावे’ अशा अर्थाची हाक जाळ्यावर देतो. त्यास पत्ता व फाइलचे नाव मिळते. ती लहान फाइल तो मागवून घेतो आणि ती फाइल पुढे प्रचालन प्रणालीचा गाभा व तिची उभारणी करणारी आज्ञावली आणते. उभारणीच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या भाषा, वेळ, तबकडीचे विभाग इ. प्रश्नांची उत्तरे अगोदरच एका फाइलीत लिहून ठेवली, तर माणसाच्या उपस्थितीवाचून काम पूर्ण होते.

अनेक संस्करक असलेल्या यंत्रांतही हाच प्रश्न निराळ्या रूपात आढळतो. पुणे येथे १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले व त्याने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक पूर्ण केला. त्यात टी ८०० जातीचे ट्रान्सप्यूटर वापरले होते. या संस्करकास शेजाऱ्यांशी जोडणारे चार दुवे असतात. त्याचा आरंभ रॉमवरून करता येतो, तसाच दुव्यावरूनही करता येतो. दुव्यावरील पद्धतीत तो गप्प बसून पहिल्या बाइटची वाट पाहतो. त्या बाइटचे मूल्य दोन किंवा अधिक असेल, तर तितके बाइट तो स्मृतीत घेतो व ते आदेश म्हणून पाळू लागतो. जागा झालेला संस्करक मग आपल्या शेजाऱ्यास जागे करू शकतो व एका ठिकाणाहून निघालेली आज्ञावली सर्व जाळ्यात पसरते.

संगणकांचे मोठे समूह चालविणाऱ्यांना वैयक्तिक संगणकासाठी रचलेल्या बायोसची अडचण विशेष जाणवली. कळफलक जोडलेला नसेल, तर अनेक यंत्रे तशी सूचना देऊन एक कळ दाबली जाण्याची वाट पाहत थांबत. आणि ती कळ त्या न जोडलेल्या कळफलकावरच असे. अशा अडचणींतून अमेरिकेच्या लॉस ॲलॅमॉस प्रयोगशाळेत १९९९ मध्ये लिनक्सबायोस हा खुला प्रकल्प सुरू झाला. २००८ पासून तो कोअरबूट या नावाने ओळखला जातो.

यू. ई. एफ. आय. : जुन्या विभाग-तक्त्यात खंडांचे क्रमांक ३२ बिटांत लिहिले जात, त्यामुळे ५१२ बाइटांच्या खंडांच्या हिशेबाने सु. २.२ लाख कोटी बाइटांहून मोठी तबकडी पूर्णपणे वापरता येत नसे. शिवाय बायोस १६ बिटांच्या जुन्या पद्धतीतच चालत असे. आपल्या इटॅनियम संस्करकासाठी इंटेलने १९९० नंतरच्या दशकात ई. एफ. आय. ही नवी व्यवस्था आखली. २००५ मध्ये अनेक कंपन्यांचे संयुक्त मंडळ स्थापन होऊन तीस यू. ई. एफ. आय. हे रूप मिळाले. या व्यवस्थेत फर्मवेअर एखाद्या निनावी खंडावर विसंबून राहत नाही. ते तबकडीच्या एका राखीव विभागातील फाइली ओळखते व ठरलेली फाइल चालविते. जुनी व नवी व्यवस्था एकाच यंत्रात दीर्घकाळ शेजारी नांदल्याने मात्र नवाच घोटाळा उद्‌भवला. एका पद्धतीने बसविलेली प्रणाली दुसऱ्या पद्धतीने सुरू करू पाहिल्यास फर्मवेअरला ती दिसतच नाही व ‘आरंभयोग्य साधन नाही’ असा संदेश येतो; वस्तुतः तबकडी व प्रणाली दोन्ही सुस्थितीत असतात.

पनवेल येथील सर्व्हरकेंद्र : आरंभप्रक्रियेचे आजचे रूप रायगड जिल्ह्यातील पनवेल येथे मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळते. पनवेल हे पूर्वी खाडीवरील बंदर होते. १८३० मध्ये बोरघाटातील रस्ता खुला झाल्यावर मुंबईहून होडीने पनवेल व तेथून घाटाने पुणे असा प्रवास होत असे. मुंबई व पुणे यांच्या मधील याच मोक्याच्या जागी हिरानंदानी समूहाच्या योट्टा या कंपनीचे ‘एन. एम. १’ हे डेटा सेंटर ७ जुलै २०२० रोजी सुरू झाले. उद्‌घाटनाच्या वेळी त्याची क्षमता ७,२०० रॅक व ५० मेगॅवॉट वीज अशी जाहीर करण्यात आली होती.

अशा केंद्राचा आवाका साध्या हिशेबाने ध्यानात येईल. एका रॅकमध्ये २० सर्व्हर धरले, तरी ७,२०० रॅकमध्ये १,४४,००० सर्व्हर होतात. एकाच माणसाने प्रत्येक सर्व्हरपुढे अर्धा तास बसून प्रचालन प्रणाली बसवावयाचे ठरविले, तर अहोरात्र काम करूनही त्यास आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणून प्रत्येक सर्व्हरमध्ये एक लहान स्वतंत्र संगणक बसविलेला असतो. बी. एम. सी. या नावाने ओळखला जाणारा हा देखरेख-नियंत्रक मुख्य यंत्र बंद असतानाही जागा असतो. त्याच्याद्वारे दूरवरून वीज चालू-बंद करणे, पडद्यावरील मजकूर पाहणे, फर्मवेअरची मांडणी बदलणे व जणू तबकडीच घातली आहे असे यंत्रास भासविणे शक्य होते. या नियंत्रकांच्या व्यवहारासाठी १९९८ मध्ये आय. पी. एम. आय. व २०१५ मध्ये रेडफिश ही प्रमाणे तयार झाली.

नवा सर्व्हर कामास लावण्याचा क्रम सामान्यतः पुढीलप्रमाणे असतो. यंत्र रॅकमध्ये बसवून वीज व जाळे जोडल्यावर प्रथम देखरेख-नियंत्रकास पत्ता देतात व कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलतात. मग फर्मवेअरची आवृत्ती तपासून यू. ई. एफ. आय. पद्धत, तबकड्यांची जुळणी, घड्याळ व बूट क्रम निश्चित करतात. पहिल्या आरंभासाठी जाळ्यास अग्रक्रम देतात व प्रणालीची उभारणी झाल्यावर तबकडीस देतात. हा शेवटचा बदल राहून गेला व जाळ्यावरील यंत्रणेनेही काम झाल्याची नोंद घेतली नाही, तर सर्व्हर दर वेळी पुन्हा जाळ्याकडे वळतो आणि नुकतीच बसविलेली प्रणाली पुसून नव्याने बसवू लागतो. तबकडीवर त्यानंतर साठविलेली माहितीही त्याबरोबर नष्ट होते. आरंभक्रमातील एका ओळीचे महत्त्व त्यावरून स्पष्ट होते.

वीजपुरवठा हा या साखळीचा पाया आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे व नवी मुंबई परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला होता. डेटा सेंटरमध्ये विद्युत घटमाला व जनित्रे यांची दुहेरी तरतूद असते ती अशाच प्रसंगांसाठी. तीही निकामी होऊन सर्व यंत्रे एकदम बंद पडली, तर ती एकदम चालू करून भागत नाही. पत्ते वाटणारी यंत्रे, नावांची नोंद ठेवणारी यंत्रे व साठवणीची यंत्रे अगोदर उभी राहावी लागतात. अन्यथा उरलेली यंत्रे हाका मारीत राहतात आणि उत्तर देणारे कोणी नसते. एका यंत्राच्या आरंभातील मूळ अडचण येथे संपूर्ण केंद्राच्या पातळीवर पुन्हा समोर येते.

विश्वासाची साखळी : केन टॉम्प्सन यांनी १९८४ मधील आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात असे दाखविले की, स्वतः न लिहिलेल्या आज्ञावलीवर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही, कारण ती तयार करणारी आज्ञावलीच दूषित असू शकते. आरंभप्रक्रियेस हा विचार विशेष लागू पडतो. त्यावर उपाय म्हणून २०११ च्या सुमारास यू. ई. एफ. आय. मध्ये ‘सिक्युअर बूट’ ही सोय आली. प्रत्येक टप्प्याने पुढील आज्ञावलीवरील अंकीय स्वाक्षरी तपासावी व ती मान्य किल्लीची नसेल तर चालविण्यास नकार द्यावा, असे तिचे तत्त्व आहे. मान्य किल्ल्या कोणाच्या असाव्यात, यावरून मात्र वाद निर्माण झाला. बहुतेक यंत्रांत मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या अगोदरच बसविलेल्या असल्याने लिनक्ससारख्या खुल्या प्रणालींनाही आपल्या आरंभ-आज्ञावलीवर त्या कंपनीची स्वाक्षरी घ्यावी लागली. यंत्राचा मालक स्वतःच्या किल्ल्या बसवू शकतो. पण ते काम थोडेच मालक करतात.

ही साखळीही अभेद्य ठरलेली नाही. २०२३ मध्ये ‘ब्लॅकलोटस’ ही सिक्युअर बूटला बगल देणारी घातक आज्ञावली उघडकीस आली. २०२४ मध्ये असे आढळले की, अनेक निर्मात्यांनी आपल्या यंत्रांत केवळ चाचणीसाठी असलेली मुख्य किल्ली तशीच ठेवली होती. तीवर विश्वास ठेवू नये, असे तिच्या नावातच नमूद होते. देखरेख-नियंत्रकाची सोयही दुधारी आहे. जो मार्ग तंत्रज्ञास दूरवरून यंत्र सुरू करू देतो, तोच परवलीचा शब्द न बदललेल्या यंत्रात घुसखोरासही प्रवेश देतो.

वाईट हेतू नसतानाही काय घडू शकते, हे १९ जुलै २०२४ रोजी दिसून आले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलमुळे विंडोज प्रणालीचे सु. ८५ लाख संगणक सुरू होतानाच बंद पडू लागले. सदोष भाग आरंभीच्या टप्प्यातच चालत असल्याने बहुतेक यंत्रे जाळ्याशी जोडली जाण्याइतकीही तग धरीत नसत. त्यामुळे दुरुस्त फाइल उपलब्ध असूनही त्यांपर्यंत पोहोचेना. असंख्य यंत्रांपुढे माणसांना जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली. तबकडी कूटबद्ध असेल, तर ४८ अंकी किल्लीही शोधावी लागली. भारतातील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्यात आले.

या सर्व कारणांमुळे फर्मवेअर कोणाचे व त्याच्या किल्ल्या कोणाकडे, हा प्रश्न तंत्रज्ञांपुरता मर्यादित राहिलेला नाही. बँका, रुग्णालये, रेल्वे व शासकीय कार्यालये यांचे व्यवहार आता पनवेलसारख्या केंद्रांतील सर्व्हरांवर चालतात. सी-डॅकने देशात ‘रुद्र’ हा सर्व्हर विकसित केला असून त्यावर आधारलेले परम रुद्र महासंगणक २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली व कोलकाता येथील संस्थांसाठी राष्ट्रास अर्पण करण्यात आले. सर्व्हरचा आराखडा आपल्या हाती असणे हा स्वावलंबनाचा एक टप्पा होय. त्यातील पहिल्या आदेशापासून प्रत्येक कडी तपासता येणे हा दुसरा होय. एड्सॅकच्या फिरत्या खटक्यांवरील ३१ आदेश कोणासही एका कागदावर वाचता येत होते. आजचे फर्मवेअर लाखो ओळींचे असते व त्यातील फारच थोडे त्याच्या वापरकर्त्यास पाहता येते. यंत्र सुरू करणे अतिशय सोपे झाले आहे. ते कोणाच्या आज्ञेने सुरू होते हे जाणणे मात्र पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे.